कवायतीच्या रांगेबाहेर : विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शालेय व्यायामाचा इतिहास

शालेय शारीरिक शिक्षणाचा इतिहास मराठीत लिहिला जातो, तेव्हा त्यात तालमी येतात, कवायत येते, मल्लखांब आणि सूर्यनमस्कार येतात, पुढे आंतरशालेय स्पर्धाही येतात. परंतु अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनी शाळेत कोणता व्यायाम केला, तो त्यांना कोणी शिकवला आणि कोणत्या हेतूने शिकवला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा इतिहास अलीकडचा आहे, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शासकीय योजनांच्या ओघात तो सुरू झाला, असा समजही त्यामुळे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात तो शालेय व्यायामाच्या इतिहासाइतकाच जुना असून त्याची चाल काहीशी उलटी आहे. ही मुले वेगळ्या शाळांत शिकत होती, त्या काळात त्यांच्या व्यायामाचा विचार अधिक नेटाने झाला. सर्वसाधारण शाळांचे दार त्यांच्यासाठी उघडले, तेव्हा मात्र वर्गाचा विचार झाला आणि मैदानाचा राहून गेला.

अंध मुलांसाठी पहिली संघटित शाळा व्हालांतँ आउई याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये काढली. तिचा भर वाचन आणि हस्तकौशल्य यांवर होता. व्यायामाला अभ्यासक्रमात ठाम जागा देण्याचे श्रेय बॉस्टनच्या सॅम्युअल ग्रिडली हाउ या वैद्याकडे जाते. १८३२ मध्ये अंध मुलांना शिकवण्यास आरंभ केल्यावर त्याच्या ध्यानात आले की, ही मुले अशक्त दिसतात त्याला त्यांचे अंधत्व कारण नसून घरच्यांनी त्यांना धडपडीच्या भीतीने सतत एका जागी बसवून ठेवलेले असते. उघड्या हवेतील हालचाल आणि पोहणे यांचा त्याने आग्रह धरला, तो या निरीक्षणातून. वैद्याने दिलेले हे उत्तर मूलतः सामाजिक होते, आणि पुढची दीडशे वर्षे ते पुन्हा पुन्हा विसरले गेले. हाउच्याच संस्थेत काही काळ शिक्षक असलेला फ्रान्सिस कॅम्बेल हा स्वतः लहानपणापासून अंध होता. त्याने १८७२ मध्ये लंडनमध्ये थॉमस आर्मिटेज यांच्या साहाय्याने अंधांसाठी जे महाविद्यालय स्थापन केले, तेथे व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, स्केटिंग, होडी वल्हवणे आणि अनेकांनी मिळून चालवायची सायकल यांना संगीताच्या आणि गणिताच्या तासांइतकेच महत्त्व होते. १८८० मध्ये कॅम्बेल माँ ब्लां हे शिखर चढून गेला. त्या काळच्या वृत्तपत्रांना त्यात चमत्कार दिसला असला, तरी त्याच्या दृष्टीने तो शिक्षणपद्धतीचा पुरावा होता.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत हाच विचार एद्वार सेगँ या फ्रेंच वैद्याने निराळ्या मार्गाने मांडला. १८३७ पासून पॅरिसमध्ये आणि १८५० नंतर अमेरिकेत त्याने जी पद्धत विकसित केली, तिला तो शरीरक्रियात्मक पद्धत म्हणत असे. आधी स्नायूंना शिस्त लावावी, मग ज्ञानेंद्रियांना आणि त्यानंतरच अमूर्त कल्पनांकडे वळावे, असा तिचा क्रम होता. शिडी चढणे, तोल सांभाळत चालणे, झोक्यावर बसून समोरच्या फळीवर पाय रेटणे अशा हालचालींपासून त्याचा पाठ सुरू होई. मारिया माँटेसरी यांनी आपल्या बालशिक्षणाची उभारणी सेगँच्या साधनांवर केली आणि तसे स्पष्टपणे नमूदही केले. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्यामार्फत गुजरातेत आणि महाराष्ट्रात आलेल्या बालवाडीत, जेथे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाने ही पद्धत रुजवली, मूल रेषेवरून तोल सावरत चालते किंवा ठोकळे हाताळते, त्या कृतीचे मूळ अशा रीतीने ‘शिकू न शकणाऱ्या’ समजल्या गेलेल्या फ्रेंच मुलांच्या व्यायामात आहे. विशेष शिक्षणाने सर्वसाधारण शिक्षणाला दिलेले हे देणे मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात क्वचितच उल्लेखिले जाते.

एकोणिसाव्या शतकातच दुसरा एक प्रवाह वाहत होता आणि पुढे त्याचाच प्रभाव अधिक पडला. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या संस्थेतून स्वीडिश व्यायामपद्धती निघाली. तिची एक शाखा वैद्यकीय व्यायामाची, म्हणजे वाकलेला कणा, दुबळा स्नायू किंवा बिघडलेली ठेवण ठरावीक हालचालींनी सरळ करण्याची होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शाळांत ती ‘सुधारात्मक व्यायाम’ या नावाने पसरली. मुलाची तपासणी करावी, दोष शोधावा आणि त्यास बाजूच्या खोलीत नेऊन त्या दोषापुरता व्यायाम द्यावा, हे तिचे स्वरूप होते. यातून अनेक मुलांना लाभ झाला, हे नाकारता येत नाही. परंतु व्यायाम हा खेळ न राहता उपचार झाला आणि उपचार न जुळणाऱ्या मुलास वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन व्यायामाच्या तासातून सूट देण्याची सोयही त्याचबरोबर आली. सूट देणाऱ्यांचा हेतू दयेचा होता. तिचा परिणाम मात्र असा झाला की, ज्या मुलांना हालचालीची गरज सर्वांत अधिक, तीच मुले तासभर भिंतीला टेकून इतरांचा खेळ पाहत बसू लागली. या पद्धतीला १९५२ मध्ये अमेरिकेतील शारीरिक शिक्षण संघटनेच्या समितीने ‘अनुकूलित शारीरिक शिक्षण’ हा पर्याय दिला. मुलाच्या क्षमतेस आणि आवडीस जुळेल असे खेळांचे, व्यायामांचे आणि तालबद्ध हालचालींचे वैविध्यपूर्ण आयोजन, असा त्याचा आशय होता. मुलास व्यायामाजोगे करण्याऐवजी व्यायाम मुलाजोगा करावयाचा, ही दिशा येथे प्रथम अधिकृतपणे स्वीकारली गेली.

मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी माझगाव येथे १८८५ च्या सुमारास कॅथलिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने शाळा निघाली, तिच्यापासून पश्चिम भारतातील विशेष शिक्षणाचा आरंभ मानला जातो. शतक संपताना पडलेल्या मोठ्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. आज ती दादर येथील कमला मेहता अंध शाळा म्हणून ओळखली जाते. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा १९०२ ची, हॅपी होम अंध शाळा १९२५ ची आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निघालेली जय वकील शाळा १९४४ ची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरील नियंत्रण बिघडण्याची अवस्था, असलेल्या मुलांसाठी मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि तिच्या शाळेत शिक्षण व उपचार एकाच छपराखाली आणले. या शाळांपैकी बऱ्याच निवासी किंवा लहान पटाच्या होत्या, आणि अशा शाळेत व्यायाम वगळणे अवघडच असते. कारण दिवसभर एकाच आवारात राहणाऱ्या मुलांच्या हालचालीची व्यवस्था संस्थेलाच करावी लागते.

ज्या महाराष्ट्रात या शाळा निघत होत्या, त्याची स्वतःची व्यायामपरंपरा त्याच काळात एका मोठ्या स्थित्यंतरातून जात होती. जुन्या तालमीतील शिक्षण एकेकट्याचे असे. वस्ताद प्रत्येकाचे वय, बांधा आणि तयारी पाहून जोर-बैठकांची संख्या ठरवी, जोडी व करेला या मुद्गलांचे वजन वेगवेगळे असे आणि कोणाची कोणाशी लढत लावायची, हेही अंगकाठी पाहूनच ठरे. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळांत जो व्यायाम शिरला, तो याहून भिन्न, पलटणीच्या धर्तीचा होता. बडोद्याच्या राजरत्न माणिकराव यांनी इंग्रजी हुकमांच्या जागी देशी हुकूम आणून संघव्यायामाची पद्धत बसवली. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (१९१४), पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाने (१९२४) आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामने (१९२४) व्यायामाला संस्थात्मक आणि शास्त्रीय रूप दिले. राष्ट्र बलवान करावयाचे तर तरुण बलवान हवेत, ही या सर्वांमागची प्रेरणा होती आणि पारतंत्र्यात तिचे मोल मोठे होते. तथापि शेकडो मुलांनी एका हुकमावर, एका क्षणी, एकाच अंशात हात उचलणे हा ज्या व्यायामाचा आदर्श, त्यात हुकूम ऐकू न येणारे, शेजाऱ्याची हालचाल न दिसणारे किंवा ती समजून घ्यायला दोन क्षण अधिक लागणारे मूल रांग बिघडवणारेच ठरते. स्वातंत्र्यानंतर शाळाशाळांतून जी ‘पीटी’ राहिली, ती मुख्यतः याच रांगेची वारस होय.

यावरून जुनी तालीम अपंग मुलांना आपलीशी करीत होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्त्रियांना तर ती बंदच होती, अनेक जातींनाही ती सहजी खुली नव्हती, आणि शरीरसौष्ठव हाच तिचा अभिमान होता. एवढेच म्हणता येते की, प्रत्येक शरीरास वेगळा व्यायाम देण्याची जी रीत अनुकूलित शारीरिक शिक्षणाने पुढे नव्याने मांडली, ती येथील शिक्षकांच्या हाताला अपरिचित नव्हती. शालेय कवायतीने ती मोडली.

ही रीत टिकून राहिली, तेथे ती काय करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दादरमध्येच सापडते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी प्रचारात आणलेला मल्लखांब हा कुस्तीचा पूरक व्यायाम. पुरलेला, टांगता आणि वेताचा असे त्याचे प्रकार होते आणि वेताच्या जागी पुढे सुती दोर आला. शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर ही १९२५ मध्ये स्थापन झालेली संस्था. तेथील उदय देशपांडे यांनी मल्लखांबाचा प्रसार देशाबाहेरही केला, आणि या कार्यासाठी त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. कमला मेहता अंध शाळेतील मुलींना याच परंपरेतून दोरीचा मल्लखांब शिकवला गेला आणि या मुलींची प्रात्यक्षिके अनेक ठिकाणी झाली. पाहणाऱ्यास ते धाडस वाटते; पण व्यायामप्रकाराची जडणघडण पाहिल्यास त्यातील औचित्य कळते. दोरीच्या मल्लखांबात खेळाडूचा दोराशी संबंध जवळजवळ सतत असतो. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरून चढायचे, दोराला गाठ न मारता तो अंगाभोवतीच फिरवून घ्यायचा, आणि मांडी, पोटरी, कंबर किंवा काख यांच्या पकडीवर सारा भार तोलायचा, असा हा प्रकार आहे. चेंडूच्या खेळात वस्तू दुरून येते आणि ती कोठून येते हे डोळ्यांना कळावे लागते. येथे साधन हातापायांच्या बाहेर कधी जातच नाही, खाली-वर कोठे आहोत हे दोराचा ताण आणि शरीराचा भार सांगतो, आणि प्रत्येक आसन ठरावीक क्रमाने बांधत व सोडत न्यायचे असल्याने ते स्पर्शाने शिकवता येते. शिक्षिकेने मुलीचा पाय हातात धरून अढी कशी पडते ते दाखवावे, किंवा मुलीने दुसरीच्या अंगावरून हात फिरवून आसनाची ठेवण जाणून घ्यावी, ही पद्धत दृष्टी असलेल्या नवशिक्यासही उपयोगी पडते. खाली जाड गादी, सुरुवातीस कमी उंची आणि जवळ उभा सहायक ही काळजी दोघांनाही सारखीच लागते. म्हणजे येथे अंध मुलींसाठी वेगळा मल्लखांब शोधावा लागला नाही. आहे त्या व्यायामाचा कोणता भाग डोळ्यांवर अवलंबून नाही, हे ओळखणारा शिक्षक लागला. शासकीय समित्यांच्या अहवालांतून समावेशनाच्या जितक्या व्याख्या आल्या आहेत, त्यांपैकी क्वचितच एखादी या उदाहरणाइतकी नेमकी असेल.

दरम्यान प्रौढांच्या खेळांत निराळ्या घडामोडी झाल्या आणि त्यांचा शाळांवर उशिरा का होईना, परिणाम झाला. कर्णबधिरांचे आंतरराष्ट्रीय सामने १९२४ मध्येच पॅरिसला भरले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या पुनर्वसनातून गोलबॉल हा खेळ १९४६ मध्ये निघाला, ज्यात घुंगरांचा चेंडू जमिनीवरून लोटायचा आणि आवाजाच्या अंदाजाने अडवायचा असतो. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, चाकाच्या खुर्चीवरील सोळा माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली आणि तिचाच विस्तार १९६० च्या रोम पॅरालिंपिकमध्ये झाला. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात सुवर्णपदक मिळवून भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्णविजेते ठरले. जागतिक चळवळीप्रमाणे पेटकरांचा मार्गही लष्करातून आणि रुग्णालयातून गेला. शाळेच्या मैदानावरून तेथवर पोचणारी वाट त्या काळात भारतात नव्हती, आणि अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलास तर लष्कराचाही आधार नव्हता.

या प्रौढ खेळांनी शाळेला दिलेली सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे नियम बदलण्याचे धैर्य. अंधांच्या क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९९८ मध्ये दिल्लीत झाला. त्या खेळात चेंडू आवाज करणारा आणि गोलंदाजी खांद्याखालून असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याहून विचारपूर्वक केलेली रचना संघनिवडीची आहे. अकरा जणांत पूर्ण अंध असलेले किमान चार खेळाडू घ्यावेच लागतात आणि त्यांनी काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. त्यामुळे कर्णधाराला सर्वांत कमी दृष्टी असलेल्या खेळाडूला कोपऱ्यात लपवून ठेवणे परवडत नाही. सामना जिंकायचा तर त्यालाच उभे करावे लागते. सर्वसाधारण शाळेतील शिक्षक ‘सगळ्यांना खेळायला घ्या’ असे मुलांना सांगतात, तेव्हा सद्भावनेवर भिस्त ठेवतात. येथे तेच काम नियमाने केले आहे, आणि मुलांच्या खेळात सद्भावनेपेक्षा नियम अधिक टिकतो हे मैदानावरचा कोणताही शिक्षक मान्य करील. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये आपल्या घरच्या आवारात उन्हाळी शिबिर भरवले आणि १९६८ मध्ये शिकागो येथे पहिले स्पेशल ऑलिंपिक घेतले. स्पेशल ऑलिंपिकच्या संघटनेने पुढे अक्षमता असलेले व नसलेले खेळाडू एकाच संघात खेळवण्याचा ‘युनिफाइड’ प्रकार रूढ केला. शाळांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व पदकांच्या स्पर्धेहून अधिक आहे. या संघटनेची भारतीय शाखा २००१ पासून काम करते.

आता सर्वसाधारण शाळेकडे वळले पाहिजे. भारतात अपंग मुलांचे शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग असावा, हे १९४४ च्या सार्जंट अहवालात म्हटलेले आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) एकात्म शिक्षणाचा पुरस्कार केला. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली. एकात्म शिक्षण म्हणजे मुलास सर्वसाधारण शाळेत बसवून त्यास साधने व भत्ते देणे. याच दशकात इतरत्र दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या १९७५ च्या अपंग बालक शिक्षण कायद्याने विशेष शिक्षणाची व्याख्या करताना शारीरिक शिक्षणाचा नामनिर्देश केला. भाषा, गणित किंवा विज्ञान यांपैकी एकाही विषयाचे नाव त्या व्याख्येत नाही, शारीरिक शिक्षणाचे आहे. कारण नाव घातले नाही तर शाळा हाच विषय प्रथम वगळतील, याची कायदेकर्त्यांना जाणीव होती. ब्रिटनमध्ये १९७८ च्या वॉर्नॉक अहवालाने दोषानुसार मुलांची वर्गवारी मागे सारून ‘विशेष शैक्षणिक गरजा’ ही संकल्पना पुढे आणली. मुलात काय कमी आहे यापेक्षा त्यास शाळेकडून काय हवे आहे, हा तिचा प्रश्न होता. त्याच वर्षी युनेस्कोच्या सनदेने शारीरिक शिक्षण व क्रीडा हा सर्वांचा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले आणि अपंगांसाठी खास संधींची आवश्यकता सांगितली.

भारतीय धोरणाने वॉर्नॉकची संकल्पना घेतली, अमेरिकन कायद्यातील सावधगिरी मात्र घेतली नाही. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि १९८७ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने निवडक गटांत राबवलेला एकात्म शिक्षणाचा प्रकल्प यांचा भर प्रवेश, उपस्थिती आणि पाठ्यक्रम यांवर होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात विरंगुळ्याचा विषय येतो, तोही कोठे, तर अपंगांसाठी सवलतीच्या दराने जमीन देण्याच्या तरतुदीत, ‘विशेष मनोरंजन केंद्रे’ या शब्दांत; म्हणजे वर्ग एकत्र आणि खेळ वेगळा, ही विभागणी कायद्याच्या मांडणीतच उतरली. २००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानाने महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांत विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंदणी केली, उतार बांधले, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे व ब्रेल पुस्तके दिली आणि अनेक शाळांना मिळून एक फिरता विशेष शिक्षक दिला. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु उतार वर्गाच्या दारापर्यंत बांधले गेले. मैदानावर जाणारी वाट खडबडीतच राहिली, आणि पीटीच्या तासाला त्या मुलाकडे दप्तरे सांभाळण्याचे किंवा गुण मांडण्याचे काम आले.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या अपंग व्यक्ती हक्क कराराने मात्र नेमक्या शब्दांत मागणी केली की, अपंग मुलांना शाळेतील खेळ, विरंगुळा व क्रीडा यांत इतर मुलांच्या बरोबरीने सहभागी होता आले पाहिजे. भारताने २००७ मध्ये तो मान्य केला, आणि त्यास अनुसरून झालेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ज्यात २१ प्रकारची अपंगत्वे समाविष्ट आहेत, शासकीय व मान्यताप्राप्त शाळांच्या कर्तव्यांत भेदभावरहित प्रवेशाच्या जोडीने, त्याच उपकलमात, क्रीडा व मनोरंजनाची समान संधी घातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अपंग मुलांच्या समान सहभागात कला, क्रीडा व व्यावसायिक शिक्षण यांचा अंतर्भाव केला आहे. कागदावरचा प्रश्न अशा प्रकारे सुमारे अर्धशतकाच्या विलंबाने सुटला.

प्रत्यक्षातला प्रश्न सुटला नाही, याची कारणे भावनिक नसून प्रशासकीय आहेत आणि ती सहसा चर्चेत येत नाहीत. पहिले कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे. शारीरिक शिक्षकाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत येतो, तर विशेष शिक्षकाचा १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या. परिणामी ज्यास मैदान कळते त्यास अपंगत्वाशी हाताने काम करण्याचा सराव नसतो आणि ज्यास अपंगत्व कळते त्याच्याकडे मैदान नसते. फिरता शिक्षक शाळेत येतो तो मुख्यतः वाचन-लेखनासाठी, आणि व्यायामाच्या तासाशी त्याची वेळ जुळेल असे वेळापत्रक क्वचितच आखले जाते. दुसरे कारण खात्यांचे. महाराष्ट्रात विशेष शाळा दीर्घकाळ समाजकल्याणाकडे होत्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आहेत, तर शालेय क्रीडास्पर्धा क्रीडा संचालनालयाकडे. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या जिल्हा व राज्य पातळीवरील स्पर्धा विशेष शाळांच्या व्यवस्थेतून वाढल्या असल्याने सर्वसाधारण शाळेत शिकणारे अपंग मूल दोन्ही स्पर्धांच्या मध्ये पडते : शालेय स्पर्धेत त्याचा गट नाही आणि दिव्यांग स्पर्धेत त्याची शाळा नाही.

तिसरे कारण मोजमापाचे. शाळांतून होणाऱ्या शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांत ६०० मीटर धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, बसून पुढे वाकणे असे ठरावीक प्रकार असतात आणि प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या वयाच्या सरासरीशी होते. चाकाच्या खुर्चीवरील मुलासमोर अशा तक्त्यात रिकामी चौकट उरते, आणि जे मोजले जात नाही त्याची तयारी शाळा करून घेत नाही. न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉकपोर्ट येथे जोसेफ विनिक व फ्रान्सिस शॉर्ट यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने यावर मार्ग दाखवला आहे. तिच्यात १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी एकूण २७ प्रकार असून अपंगत्वाच्या स्वरूपानुसार त्यांतील मोजकेच निवडायचे असतात, आणि निकष दुसऱ्या मुलाचा नसून आरोग्याला आवश्यक असलेल्या पातळीचा असतो. खुर्ची उतारावर ढकलत नेता येते का, हीदेखील त्यातील एक चाचणी आहे. रोजच्या जगण्यात जे बळ लागते तेच मोजावे, हा तिचा व्यवहारी विचार कोणत्याही शाळेला खर्चाविना स्वीकारता येईल. तूर्त केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या शारीरिक शिक्षण विषयात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या क्रीडांवर स्वतंत्र घटक आहे आणि त्यावर परीक्षेत प्रश्नही येतात. त्या घटकात वर्णन केलेले मूल शाळेच्या मैदानावर नसतानाही त्याचे उत्तर पाठ करून गुण मिळवता येतात, ही गोष्ट आपल्या शिक्षणपद्धतीच्या स्वभावाला धरूनच आहे.

या सर्वांहून मूलभूत कारण शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. २००९ च्या या कायद्याने प्रत्येक शाळेस मैदान व खेळसाहित्य आवश्यक ठरवले आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांना वंचित गटात स्पष्टपणे घातले. पण शारीरिक शिक्षणाच्या निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांपुरती, तीही अर्धवेळ आणि शंभरहून अधिक पट असलेल्या शाळांसाठीच केली. पहिली ते पाचवीसाठी, म्हणजे ज्या वयात तोल, पकड आणि धावणे घडते त्याच वयासाठी, तशी तरतूद नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात शंभरापेक्षा कमी पटाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत, आणि अशा शाळेत दाखल झालेल्या विशेष गरजा असलेल्या मुलाच्या व्यायामाची जबाबदारी या परिशिष्टानुसार कोणत्याही शारीरिक शिक्षकावर येत नाही.